न उसवलेलं अस्तर

१

अस्तर बाजूला सारलं आणि नज्वा जागच्या जागी थिजली.

तिच्या आजीच्या झग्यावर, छातीवर शिवलेला कशिद्याचा पट पुढून जसाच्या तसा होता. तीच लाल सरूची झाडं, तेच जोडीने बसलेले पक्षी, कडेने तीच काळी वेल. मागची बाजू मात्र कोरी करकरीत. निर्वासितांच्या छावणीत पीठ ज्या पोत्यांतून वाटायचे, त्यातलंच एक पोतं फाडून आजीने हा पट भरला होता, आणि पोत्यावरची निळी छापील अक्षरं मागच्या बाजूला ठसठशीत दिसायची. ती अक्षरं नव्हती. कापडच दुसरं होतं.

"हा तिचा नाही," नज्वा म्हणाली. "कुणीतरी बदललाय."

झग्याची बाही धरून शेजारी उभ्या असलेल्या गौरांगने पट पाहिला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला.

"ऊर्मिला, तू लगेच ये. तुला कापडातलं कळतं."

ही गोष्ट जर्मनीतल्या डार्मश्टाटची, २००८ सालच्या मे महिन्यातल्या एका शनिवारची. जुन्या छापखान्याचं कलादालन केलं होतं, आणि तिथे संध्याकाळी सहा वाजता नज्वा खलाफच्या मांडणशिल्पाचं उद्घाटन होतं. साठ वर्षांपूर्वी पॅलेस्टाइनमधलं तिच्या आजीचं गाव रिकामं झालं आणि नंतर नकाशावरूनही गेलं. आजी मात्र मरेपर्यंत गावातलं प्रत्येक घर नावानिशी सांगायची. नज्वाने दालनाच्या चारी भिंतींवर त्या घरांच्या जागी खुंट्या ठोकल्या होत्या. मधोमध आजीचा झगा टांगायचा. एक छोटी मोटर छातीवरच्या पटाचा धागा अगदी हळूहळू ओढत जाणार, आणि उसवलेला धागा एकेका घराच्या खुंटीवर गुंडाळला जाणार. प्रदर्शन संपेल तेव्हा झग्यावर उरणार नुसतं पिठाचं पोतं, आणि भिंतींवर गाव उभं राहणार.

कल्पना जबरदस्त होती. ऊर्मिलालासुद्धा हे मान्य होतं, आणि म्हणूनच तिचा जास्त जळफळाट व्हायचा. मोटर आणि धाग्याचा ताण सांभाळणारी सगळी यंत्रणा गौरांगची होती. दोघंही तिथल्या तंत्रविद्यापीठात संशोधन करत होते, तो यंत्रांवर आणि ती कापसाच्या तंतूंवर. पण गेला सगळा हिवाळा गौरांगच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. नज्वा म्हणते, नज्वाला वाटतं, नज्वाचं म्हणणं असं की. आमटीत गूळ किती घालायचा तेही एक दिवस नज्वाला विचारून ठरेल, असं ऊर्मिला एकदा म्हणाली होती, आणि ती थट्टा मुळीच नव्हती.

त्यामुळे फोन ठेवताना तिला काय वाटलं असेल? आनंद झाला. लाज वाटायच्या आधी चांगला घसघशीत आनंद झाला.

२

दालनाच्या संचालिका बेटिना क्रोन दारातच उभ्या होत्या. सडपातळ, पिकल्या केसांची, शिस्तीची बाई.

"झगा सोमवारी इथे आला," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी स्वतः गळ्याच्या फटीतून आत पाहिलं होतं. निळी अक्षरं जागेवर होती. दालनाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे आणि एक तुमच्या नवऱ्याकडे."

"म्हणजे संशय दोघांवरच?"

"मला हा पट उसवायला नकोच होता, हे मी लपवलेलं नाही. असा तुकडा काचेआड राहायला हवा. पण मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही." क्रोनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "तेव्हा, चार वाजेपर्यंत पट परत आला तर मी काही विचारणार नाही. नाही आला तर पोलिसांना फोन करीन."

गौरांगच्या व्हिसाची मुदत पुढच्याच महिन्यात संपत होती. आउसलेंडरबेहॉर्डंच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीच्या, खिडकीत बसलेला माणूस एरवीसुद्धा कागद उलटेपालटे करून बघायचा. त्यात चोरीचं प्रकरण निघालं तर तीन वर्षांचं संशोधन गुंडाळून परतीचं विमान धरायची पाळी येणार.

आत नज्वा जमिनीवर बसली होती. रडून तिचे डोळे सुजले होते आणि तरीही ती देखणी दिसत होती, याचा ऊर्मिलाला फार राग आला. पट काढून पांढऱ्या टेबलावर टाचण्यांनी पसरून ठेवला होता.

"अस्तर कधी उसवलं होतं?" ऊर्मिलाने विचारलं.

"तेच तर कळत नाही," नज्वा म्हणाली. "उसवलेलंच नव्हतं! हे बघ, आजीचा टाका." तिने झग्याचा गळा पुढे केला. पट आणि अस्तर यांचे दोन्ही काठ वेणीसारखे एकमेकांत गुंफून बंद केलेले होते, आणि आज सकाळी कात्रीने कापलेला भाग तेवढा मोकळा झाला होता. "हा टाका आमच्या घरात फक्त तिलाच येत होता. ती जाऊन दोन वर्षं झाली. म्हणजे ती गेल्यापासून या अस्तराला कुणी हात लावलेला नाही."

"तू कात्रीने कापलंस? ओढून नाही निघालं?"

"ओढलं की. निघेना. हे बघ, बोट कापलं माझं." तिने तर्जनीवरची लाल रेघ दाखवली.

कुलूप शाबूत आणि तिजोरीतला ऐवज पळालेला, असा हा मामला होता. ऊर्मिलाच्या मनात पहिला विचार आला तो असा की ही बाई खोटं बोलते आहे. उद्घाटनाच्या दिवशी चोरीची बोंब झाली की वर्तमानपत्रं धावत येणार. हा विचार तिला इतका आवडला की तिने तो मुद्दाम बाजूला ठेवला. आपल्याला जे खरं ठरायला हवं असतं ते आधी तपासावं, एवढं तिला प्रयोगशाळेने शिकवलं होतं.

तेवढ्यात कॉफीचा वास आला. वेलदोड्याची, कडक. नज्वाची थोरली बहीण समीरा फ्लास्क घेऊन आली होती. इस्पितळात नर्स होती, ठेंगणी, शांत चेहऱ्याची. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि तरी तिने करड्या कोटाची सगळी बटणं लावलेली होती. फ्लास्कची कापडी पिशवी तिने टेबलावर ठेवली. घरी शिवलेली, दोन्ही बाजूंना वेणी घातल्यासारखी शिवण असलेली सुबक पिशवी होती. तिने प्रत्येकाच्या हातात कप दिला आणि बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"झालं ते झालं," समीरा म्हणाली. "हाच लाव. लोकांना काय कळतंय? धागा लाल आहे, तुझ्या खुंट्या भरतील."

"खोटा उसवून काय मिळणार मला?" नज्वा ओरडली. "मग ते नाटक होईल!"

"मी बुधवारी इथे झग्याला इस्त्री केली, क्रोनबाईंनी दार उघडून दिलं होतं, तेव्हा तर सगळं नीट होतं," समीरा ऊर्मिलाकडे वळून म्हणाली. "तुमच्या नवऱ्याला विचारलंत का?"

नवरा खिडकीशी पाठ करून उभा होता. बायको आल्यापासून त्याने एकदाही तिच्या नजरेला नजर दिली नव्हती.

३

ऊर्मिलाने टाचण्या काढल्या आणि पट हातात घेतला. भरणारीचा हात कसलेला होता. उलटी बाजूही सुलटीइतकीच नेटकी, एक गाठ दिसत नव्हती. कापड नवं, बाजारातलं, कांजी लावलेलं. आणि खालच्या कोपऱ्यात, शिवणीत दडेल अशा जागी, बोटाच्या टोकाएवढा पिवळा डाग.

"गंज असेल," क्रोनबाई वाकून म्हणाल्या. "किंवा चहा."

"हो, असेल," ऊर्मिला म्हणाली. तिला तो पिवळा ओळखीचा वाटला होता.

पट घेऊन ती सरळ वॉशरूममध्ये गेली आणि दाराला कडी लावली. साबण बोटावर घेतला, ओल्या बोटाने डागाच्या कडेला जेमतेम टेकवला आणि वाट पाहिली. पिवळ्याचा लालभडक रंग झाला.

ज्या घरात जेवताना पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडते, त्या घरात ही गंमत सगळ्यांना ठाऊक असते. हळद होती ती. आणि कोपऱ्यात बेताने टेकवलेलं हळदीचं बोट म्हणजे काय, हे अख्ख्या डार्मश्टाटमध्ये सांगू शकतील अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नवं कापड कोरं वापरायचं नाही, आधी हळदीकुंकवाचं बोट लावायचं. आईने तिच्या प्रत्येक परकराला लावलं होतं, लग्नाच्या शालूला लावलं होतं.

म्हणजे चोराचा हात मराठी होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ऊर्मिला बेसिनचा काठ धरून उभी राहिली. या दालनात येणारी मराठी माणसं दोनच, ती आणि गौरांग. किल्ली गौरांगकडे. पांढराफटक चेहरा गौरांगचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ! डाग पुरता धुऊन टाकावा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. नळ सुरूही केला. मग तिला आठवलं, गौरांगला शर्टाचं बटण लावता येत नाही. मग भरलं कुणी?

इतकं सुबक भरणारं मराठी माणूस गावात एकच होतं. तिने पटाची घडी पर्समध्ये टाकली, क्रोनबाईंना "तासाभरात आले" म्हणून सांगितलं आणि समोर आलेली श्ट्रासेनबान, म्हणजे ट्राम, पकडली.

४

सुलेखावहिनी आरहाइलगेन उपनगरात राहायच्या. त्यांचे यजमान श्रीधरराव मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. मराठी मंडळाच्या गणपतीमागचा पडदा, कुणाच्या बारशाची दुपटी, सगळं वहिनींच्या हातचं. दार उघडताच ऊर्मिलाने पट पुढे धरला.

"अगंबाई!" वहिनी म्हणाल्या. "मिळाला का तुला? आणि आवडला का?"

"हा तुम्ही भरलात?"

"मग आणखी कोण भरणार? अगं, डोळे फुटायची वेळ आली. गौरांगभावोजींनी फोटो आणून दिले होते, जवळून काढलेले, अगदी टाका न टाका मोजता येईल असे. आणि म्हणाले, वहिनी, ऊर्मिलाला यातलं एक अक्षर कळता कामा नये. मी म्हटलं, वाढदिवसाची भेट असणार. पाडव्याच्या कार्यक्रमात पिशवीत घालून दिला त्यांना." वहिनींचा चेहरा एकदम उतरला. "का गं? काही चुकलं का माझं?"

"हळद लावलीत तुम्ही."

"लावणारच! माझ्या हातचं नवं कापड मी कोरं देत नाही. कुंकू लाल म्हणून उठून दिसलं असतं, म्हणून नुसती हळद लावली. आमचे हे म्हणालेसुद्धा, अगं, परक्या देशातलं नक्षीकाम आहे, त्याला कशाला? मी म्हटलं, कापड ते कापड."

ऊर्मिला पायरीवरच बसली. गौरांगने नक्कल करून घेतली होती, आणि तीही तिच्यापासून लपवून. कुणासाठी? आजीचा खरा पट आपल्याजवळ ठेवायला? नज्वाची एवढी आवडती वस्तू उशाशी घ्यायला? मत्सराला पंख असतात. वहिनींनी आणलेलं सरबत पिऊन होईपर्यंत तो कुठच्या कुठे जाऊन आला होता.

५

गौरांग छापखान्याच्या मागच्या अंगणात सायकलींपाशी उभा होता. तिने पट त्याच्या छातीवर आपटला.

"सुलेखावहिनींकडून येतेय मी. आता बोल."

त्याने डोळे मिटले. "प्रूफश्ट्युक होता गं तो."

"काय?"

"चाचणीचा तुकडा. नज्वा म्हणाली होती, नक्कल करायची नाही, कुणीच नाही. पण साठ वर्षं जुन्या कापडाला पहिल्याच दिवशी मोटर लावायची? ताण जरा वाढला आणि कापड टर्रकन फाटलं तर? कुठला इंजिनिअर असं करेल? म्हणून हुबेहूब तसाच तुकडा भरून घेतला. सोमवारी अवजारांच्या कपाटात ठेवला होता, चाचणी करायला. कपाटाला कुलूप नसतं. गुरुवारी बघितलं तर जागेवर नाही. वाटलं, लॅबमध्ये विसरलो. आज अस्तर निघालं आणि हाच समोर! मी बोललो असतो तर कुणी विश्वास ठेवला असता? किल्ली माझ्याकडे, नक्कल माझी."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" गौरांग पहिल्यांदाच चिडला. "घरात तिचं नाव काढायची सोय होती का? मागच्या वेळी नुसतं म्हणालो की नज्वाला ताप आहे, तर तू कुकर आपटलास!"

हे खरं होतं. कुकरचं झाकण अजूनही नीट बसत नव्हतं.

ऊर्मिला सायकलींच्या लोखंडी कठड्याला टेकली. त्याचं म्हणणं खरं धरलं, तर नक्कल एका हाताची आणि अदलाबदल दुसऱ्याच हाताची. सोमवारी खरा पट झग्यात होता, हे क्रोनबाईंनी पाहिलेलं. आज तिथे नक्कल. आणि मधल्या दिवसांत अस्तर उसवलंच गेलं नाही म्हणे. ते कसं शक्य आहे? गौरांग समोर घाबराघुबरा उभा होता, आणि तिला मात्र नज्वाच्या तर्जनीवरची रेघ दिसत होती. ओढून दोरा निघेना. बोट कापलं.

"अरे देवा," ती म्हणाली. "मी तंतूंवर पीएचडी करते आणि हे मला आत्ता सुचतंय! चल आत."

६

चार वाजायला आले होते. क्रोनबाई फोन जवळ घेऊनच बसल्या होत्या. समीरा रिकामे कप गोळा करत होती.

"ही नक्कल माझ्या नवऱ्याने करून घेतली," ऊर्मिलाने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "यंत्राच्या चाचणीसाठी. भरली आमच्या ओळखीच्या बाईंनी. कोपऱ्यातला डाग गंजाचा नाही, हळदीचा आहे. आमच्याकडे नव्या कापडाला लावतात." नज्वा ताडकन उठली, पण ऊर्मिलाने हात वर केला. "थांब. गौरांगने तुझा शब्द मोडला, त्याबद्दल त्याच्याशी नंतर भांड. ही नक्कल कपाटात उघडी पडली होती. ती कुणाला तरी सापडली आणि झग्यात गेली. प्रश्न एवढाच की अस्तर न उसवता गेली कशी?"

"तेच तर मी सकाळपासून विचारतेय," नज्वा म्हणाली.

"अस्तर उसवलं होतं. आणि पुन्हा शिवलं होतं. तुझ्या आजीचा दोरा साठ वर्षांचा, घामाने भिजलेला, उन्हात वाळलेला, सुती. असा दोरा कुजतो. तो चिमटीत धरून ओढला की तुटायला हवा. तू ओढलास तर तो तुटला नाहीच, उलट तुझं बोट कापून गेला. तो आजीचा दोरा नव्हता. टाका तेवढा तिचा होता."

नज्वाने आपल्या कापलेल्या बोटाकडे पाहिलं.

"म्हणजे ज्याने अदलाबदल केली त्याला आजीचा टाका येतो. आमच्या वहिनींना येत नाही, त्यांनी हा झगा कधी पाहिलेलाच नाही. गौरांगला बटण लावता येत नाही. क्रोनबाईंना सुईत दोरा ओवता येत नाही. नज्वा, तुला येतो?"

"नाही," नज्वा हलक्या आवाजात म्हणाली. "कुणालाच येत नाही. आजी एकटीच..."

ऊर्मिलाने टेबलावरची फ्लास्कची पिशवी उचलली आणि झग्याच्या गळ्याशेजारी ठेवली. तीच वेणी, तसेच गुंफलेले दोन काठ. फरक इतकाच की पिशवी निळी होती.

"समीरा, ही तुम्हीच शिवलीत ना? बुधवारी तुम्ही झग्याबरोबर एकट्या होता. इस्त्री शोधायला कपाट उघडलंत, आणि नक्कल हाती लागली." ऊर्मिलाने आवाज खाली आणला. "आणि मला असंही वाटतं की इतकं ऊन असताना कोट घालून बसायला तसंच काही कारण असणार."

समीराने कप खाली ठेवले. नाही म्हणाली नाही, चिडली नाही. एकेक करून बटणं काढली. आत, ब्लाउजवर, उराशी तो पट टाचलेला होता. लाल रंग जागोजागी विटलेला, एक पक्षी अर्धवट उडालेला. तिने टाचण्या काढल्या तेव्हा मागची निळी अक्षरं सगळ्यांना दिसली.

"घे," ती बहिणीला म्हणाली. "उसव."

"तू?" नज्वा म्हणाली.

"हो, मी. तू तिचा आवाज टेप करून नेलास. तिचे फोटो नेलेस, तिचं गाव भिंतीवर नेलंस. जिथे तिथे लिहिलेलं, नज्वा खलाफची आजी. तिची पाठ पुसत होते, तिच्या तोंडात घास घालत होते, तेव्हा ती माझीसुद्धा आजी होती! हे कुठल्या भिंतीवर लिहिलंयस तू? आणि आता तिच्या हातचं जे एवढंसं उरलं, तेही लोकांसमोर उसवणार. माझा जीव जळत होता, नज्वा. मी चोरी केली असं मला अजूनही वाटत नाही."

ऊर्मिला मान खाली घालून ऐकत होती. हेच शब्द ती महिनोन्महिने स्वयंपाकघरात भांड्यांना ऐकवत आली होती, आणि तिच्याकडे तर आजीसारखं कारणही नव्हतं.

नज्वा पटाकडे बघतसुद्धा नव्हती. ती त्या निळ्या पिशवीच्या शिवणीवरून बोट फिरवत होती.

"तुला शिकवला तिने," ती म्हणाली. "कधी?"

"शेवटी शेवटी. तू बर्लिनला होतीस."

"मी मागितला होता. लहानपणी, किती वेळा. तिने माझ्या हातातून सुई काढून घेतली होती. म्हणाली, तुझे हात यासाठी नाहीत, तू गोष्टी ऐक." नज्वाचा आवाज फाटला. "म्हणून गोष्टी ऐकल्या मी. मला भरता येत नाही, समीरा. निदान उसवताना तरी कळेल, तिचा हात कुठून कुठे गेला ते. म्हणून हवा होता मला खरा. आणि तुला ती सगळं देऊन गेली, आणि तू सांगितलंसुद्धा नाहीस."

चार वाजून गेले होते. क्रोनबाईंनी फोन पर्समध्ये टाकून पर्सची चेन ओढली.

शेवटी समीराने डोळे पुसले आणि खुर्ची ओढून घेतली. "यंत्राने उसवलास तर तुला काही कळणार नाही," ती रागानेच म्हणाली. "यंत्र नुसतं ओढतं. शेवटचा टाका आधी काढावा लागतो. ये इकडे. सुई धर. अशी नाही, बाई, अशी."

७

संध्याकाळी दालन माणसांनी भरलं, आणि ज्या मोटरपायी गौरांगने हिवाळा घालवला होता ती कोपऱ्यात चादरीखाली पडून राहिली. झग्यासमोर दोन खुर्च्या होत्या. थोरली बहीण सुईच्या टोकाने टाका वर काढायची, तो कसा घातला होता ते धाकटीला हलक्या आवाजात सांगायची, मग धाकटी उठून तो धागा भिंतीवरच्या घराला बांधून यायची. त्या घराचं नाव दोघी मिळून उच्चारायच्या. कधी नावावरून वाद व्हायचा, अरबीत, चांगला मोठ्याने. लोक श्वास रोखून बघत होते. दाराशी क्रोनबाईंनी वहिनींचा पट काचेखाली मांडला होता, हळदीच्या लाल कडेसकट, आणि खाली सुलेखावहिनींचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

ऊर्मिला आणि गौरांग बाहेर पडले, तेव्हा अजून उजेड होता. श्ट्रासेनबानच्या थांब्यावर दोघंच होते.

"तुला खरंच वाटलं, मी चोरला?" गौरांगने विचारलं.

"वाटलं. आणि सांगू? तू चोर निघावास असं मला वाटत होतं. तिची वस्तू चोरणारा माणूस निदान तिचा तरी नसता."

गौरांग हसला नाही. रुळांकडे बघत राहिला.

आज दिवसभर तिने सगळ्यांना प्रश्न विचारले होते. क्रोनबाईंना किल्ल्यांचे, नज्वाला दोऱ्याचे, वहिनींना हळदीचे. एक प्रश्न तेवढा तिने कुणालाच विचारला नव्हता, आणि घरी तर महिनोन्महिने त्याच्या आजूबाजूनेच फिरत होती. विचारला की उत्तर येतं, याची तिला भीती होती.

"गौरांग, तुला आवडते का ती?"

त्याने रुळांवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "तिला माहीत नाही. मी कधी बोललो नाही, बोलणारही नव्हतो. पण हो."

ऊर्मिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. आश्चर्य म्हणजे इतक्या महिन्यांत छातीवर जे दडपण बसलं होतं, ते त्या एका शब्दाने हललं. दुखलं, फार दुखलं, पण हललं.

वळणावरून श्ट्रासेनबान येताना दिसली. तिने पर्स खांद्यावर घेतली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला पुढे ढकललं.

"चल," ती म्हणाली. "घरी जाऊन आज नीट भांडू या. इतके दिवस मी नुसती अंदाजावर भांडत होते."